तीन जोड्या, सात मडकी

पळस फुलला की आमच्या मारेगावात दोन गोष्टी ठरलेल्या. पोरं हॉल तिकिटाच्या झेरॉक्ससाठी रांगा लावतात, आणि कोणी तरी माझ्याकडे पत्रक लिहून मागायला येतं. यंदा कॉलेजातल्या दोन मुली आल्या. तालुक्यातल्या अभ्यासिकांमध्ये मुलींना नीट जागा मिळत नाही, त्यावर पत्रक हवं. एक म्हणाली, "ताई, थे तुमचं जुनं होतं ना, 'भिंती पाडा'वालं, तेच द्या थोडंसं बदलून. लय भारी होतं थे."

मी हो म्हटलं. त्याला चार दिवस झाले. कागद कोराच आहे.

पत्रकाचं एक बरं असतं. पहिल्या ओळीत आरोप, दुसरीत मागणी, तिसरीत तारीख. 'पण' हा शब्द पत्रकात चालत नाही. 'कदाचित' तर मुळीच नाही. एकोणिसाव्या वर्षापासून मी अशी पत्रकं लिहिते आहे, पाण्यावर, बसफेऱ्यांवर, रेशनवर, आणि त्यातली बहुतेक उद्या पुन्हा लिहायला सांगितली तरी लिहीन. 'भिंती पाडा' मात्र लिहिता येत नाही. त्याला कारण एक काचेची टाकी आहे, चार फुटांची, आणि त्या टाकीशेजारी बसणारी एक मुलगी.

गजाननकाकांची अभ्यासिका वणी रोडवर खताच्या दुकानाच्या वर होती. अजून आहे. लोखंडी जिना, वर पत्र्याचा हॉल, चाळीसेक खुर्च्या, आणि दार ढकललं की समोरच्या भिंतीला ती टाकी. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक गेले की पत्रे हलायचे आणि टाकीतल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठायची. जिन्याच्या पायऱ्यांवर काळी धूळ, खिडकीच्या जाळीत जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेल्या कापसाचे पुंजके, आणि आत चाळीस जण ओठ हलवत काही तरी पाठ करत असल्याची गुणगुण. त्या गुणगुणीखाली टाकीच्या हवेच्या पंपाची घरघर. लाईट गेली की पंप थांबायचा आणि मग सगळे एकदम मान वर करायचे, जणू हॉलचाच श्वास अडकला.

काका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळेचे परिचर होते. बेडूक, झुरळं आणि फॉर्मलिनच्या बरण्या पुसण्यात नोकरी गेली. "मेलेले पाहू पाहू जीव विटला," म्हणायचे, "म्हून जित्ते पाळले."

टाकीतला हा मासा आफ्रिकेतल्या नद्यांमधला. दुकानदार त्याला क्रिब म्हणतात. बोटाएवढा. नर थोडा लांब आणि फिका, मादी आखूड आणि गोल. अंड्यावर आली की तिचं पोट पिकल्या बोरासारखं लालजांभळं होतं. ती नरासमोर कमान करून थरथरते, ते पोट दाखवते, आणि त्याला आपल्या मडक्याकडे नेते. पुढाकार तिचा. हे मला तेव्हा फार आवडलं होतं. काकांचं मत असं की हा मासा आमच्याच भागासाठी जन्मला आहे, कारण आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की ग्लासावर पांढरा थर धरतो. "नाजूक मासे या पान्यात दोन दिसात पालथे होते," ते सांगायचे. "हे टिकते. इथल्या मानसावानी."

टिकतो, पण भांडतो. हा मासा कळपातला नाही. जोडी जमली की ती आपली जागा आखते, आणि त्या न दिसणाऱ्या रेषेच्या आत दुसरं कोणी आलं की तुटून पडते. म्हणून दुकानदार सांगतात, एका टाकीत एकच जोडी ठेवा. काकांनी तीन ठेवल्या होत्या.

"एक जोडी ठेवून कोनीबी मासे पाळते," ते म्हणायचे. "तीन नांदवून दाखवा."

त्यासाठी त्यांनी गावातल्या कुंभाराकडून मुठीएवढी मडकी करून घेतली होती, कडेला एकेक भोक ठेवून. सात मडकी. मी पहिल्यांदा मोजली तेव्हा विचारलं, "काका, जोड्या तीन आणि घरं सात? बाकीची कोणासाठी?"

"पाह्य," ते म्हणाले, "तीनच ठेवली आनं एकानं दोन धरली का तिसरा रस्त्यावर. सात ठेवली का ज्याले जितकी धराची तितकी धरू दे, एखादं उरतेच."

शिवाय प्रत्येक मडक्याचं तोंड वेगळ्या दिशेला. मधे दगड, मधे एक वाळलेलं मूळ, तळाशी सागाची वाळकी पानं. दगड कुठलाही चालत नसे. राजूरकडचा चुनखडीचा एकदा कोणी हौसेनं आणून दिला तर काकांनी तो दाराला अडसर म्हणून लावला, कारण तो पाण्यात विरघळून पाणी आणखी जड करतो. सागाच्या पानांनी पाणी फिक्या चहासारखं झालं होतं आणि बाहेरून बघणाऱ्याला टाकीत मासे आहेत की नाहीत हेच पटकन कळत नसे. मला ते गबाळं वाटायचं. काकांचा नियम एकच होता: एका मडक्यातून दुसऱ्या मडक्याचं तोंड दिसायला नको. "दिसलं का डोस्कं फिरते," ते म्हणत. "नाई दिसलं का शेजारी कोनी हाये हेबी इसरते."

तीन जोड्यांना मी नावं दिली होती, जागेवरून. खिडकीकडची, मधली आणि कपाटाकडची. खिडकीकडच्या नराला वेगळं नाव होतं, ठेकेदार. त्याच्याकडे तीन मडकी होती. राहायचा एकात, पण फेरी तिन्हींवर. कपाटाकडची जोडी सगळ्यात लहान. मादीच्या शेपटीचा एक कोपरा कोणी तरी कुरतडलेला. ती आपल्या मडक्यातून फार बाहेर येत नसे. आली तरी दगडाच्या आडून, पानाखालून, हिशेबानं.

कपाटाकडची म्हणजे लोखंडी कपाटाकडची. ते कपाट टाकीला लागून आडवं लावलेलं होतं, त्यामुळे मागे एक कोपरा तयार झाला होता, चार खुर्च्यांचा. आदल्या वर्षी मुलांनीच ते ओढून तिथे लावलं होतं. मुली समोर असल्या की अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणे. लक्ष यांचं लागत नाही आणि कोपऱ्यात मुलींनी जायचं. पंखा पुढे, खिडकी पुढे, पेपरचा टेबल पुढे. मुलं सकाळी सातला येऊन खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरत, स्वतः नसतील तर मित्रासाठीही धरत. मागे कपाटाच्या गंजक्या पाठीकडे तोंड करून तीन मुली. त्यातल्या दोघी येत-जात. रोज येणारी एकच, सुनीता राठोड.

सुनीता जवळच्या तांड्यावरून ऑटोनं यायची, बसस्टँडला उतरून पुढे पायी. तोंडाला घट्ट स्कार्फ, फक्त डोळे उघडे. आमच्याकडे उन्हासाठी सगळ्याच मुली तसा बांधतात, त्यात नवल काही नाही. ती खाली मान घालून हॉल ओलांडायची, कपाटामागे जायची, आणि मग स्कार्फची पिन काढून कंपासच्या डब्यात टाकायची. टिंग. त्या आवाजावरून कळायचं की सुनीता आली. तलाठ्याच्या परीक्षेला बसणार होती. तिच्या खुर्चीपासून टाकीची बाजूची काच हातभर अंतरावर होती, त्यामुळे कपाटाकडची जोडी तिची. पाठ करता करता ती तिकडे बघायची. जेवणाच्या डब्यातली भाकरी काचेसमोर धरून एकदा तिनं त्या मादीला विचारलं होतं, "खातं का गं?" मला बघून ओशाळली.

मी तिला म्हटलं, "तुला इथे कोंडल्यासारखं वाटत नाही?"

"नाई. मले तं बरं हाय इथं."

"बरं वाटतं हेच तर वाईट आहे, सुनीता. सवय झाली की पिंजराही बरा वाटतो."

हे वाक्य मी आधी एका पत्रकात वापरलं होतं. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमी कधी बसून पाह्यलं का इथं?"

मी बसले नव्हते. मी हसले आणि म्हटलं, "मला कशाला बसायचं मागे?"

त्या आठवड्यात 'भिंती पाडा' लिहिलं. एका बैठकीत, एकही खाडाखोड नाही. कपाट म्हणजे भिंत आहे, भिंत म्हणजे अपमान आहे, हॉल सगळ्यांचा आहे, सोमवारपर्यंत कपाट हटलं पाहिजे. सह्या घ्यायला निघाले तेव्हा वाटलं होतं मुलं भांडतील. मुलांनी भराभर सह्या केल्या. एक जण तर म्हणाला, "ताई, आमचा फुल सपोर्ट. किती दिवस लपून बसनार थ्या." बाकीचे हसले. त्या हसण्याचा वास मला तेव्हाच यायला हवा होता. मी सह्या मोजत होते.

काका म्हणाले, "लीडरबाई, कपाट राहू दे."

"का?"

"दाराची हवा अडते त्याच्यानं. पुस्तकाची पानं उडत नाई."

"काका, तुम्हीसुद्धा."

ते टाकीची काच पुसत राहिले. सोमवारी सहा मुलांनी कपाट उचलून जिन्याखाली नेऊन ठेवलं. मी घरून कणकेची खळ करून आणली होती. पत्रकाची एक प्रत कपाटाच्या दारावर चिकटवली, चारी कोपरे दाबून. फोटोही काढला.

दुसऱ्या दिवसापासून सुनीता हॉलमध्ये बसू लागली. आता टिंग ऐकू येत नव्हतं. ती स्कार्फ बांधूनच बसायची, दिवसभर. मार्च लागला होता, पत्रा तापायचा. पाणी प्यायचं तर स्कार्फ हनुवटीपर्यंत ओढून, भिंतीकडे वळून. डबा उघडेनाशी झाली. मी एकदा विचारलं, "गरम नाही होत?" ती म्हणाली, "होते ना." आणि पान उलटलं. मी समजले की सवय मोडायला वेळ लागतो.

हे सगळं मी आज इतक्या सरळ ओळीत सांगते आहे, पण तेव्हा ते असं सरळ नव्हतं. तेव्हा मला तो सगळ्यात सुंदर हंगाम वाटत होता. बाहेर नाल्याकाठचे पळस असे पेटलेले की बसमधली म्हातारी माणसंसुद्धा खिडकीतून बघत. माझ्या एका कागदानं लोखंड हललं होतं. बावीस वर्षांच्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

त्याच आठवड्यात काकांच्या भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, बोरी अरबला. दोन दिवस अभ्यासिकेची किल्ली आणि टाकी त्यांनी माझ्याकडे दिली. मधल्या जोडीला नुकती पिल्लं झाली होती, मोहरीएवढी, शंभरेक. आई खाली, पिल्लांचा ढग तिच्या पोटाशी, बाप दोन बोटं पुढे. ती थांबली की ढग थांबायचा.

काका म्हणाले, "चिमूटभर दानं सकाळी, चिमूटभर संध्याकाळी. बाकी आत हात घालजो नोको."

मी दिवसभर टाकीसमोर बसले. आणि दिवसभर मला एकच दिसलं: ठेकेदाराची तीन घरं. मधे दोन रिकामी. आणि कपाटाकडची ती छोटी, फाटक्या शेपटीची, पानाखालून येते आणि पानाखाली जाते. माझं डोकं तापलं. हे असं सगळीकडेच असतं आणि आपण बघत राहतो, असं काहीसं मनात आलं. मी बाह्या सारल्या. दगड काढले, मूळ काढलं, पानं काढली. चार मडकी काढली. उरलेली तीन सारख्या अंतरावर एका रांगेत ठेवली, तोंडं समोर. एका जोडीला एक घर. पाणी निवळलं तशी टाकी लख्ख दिसायला लागली. इतकी सुंदर ती कधीच दिसली नव्हती. हॉलमधली मुलं उठून बघायला आली. मी सुनीतालाही बोलावलं. तिनं स्कार्फमधून टाकीकडे पाहिलं आणि विचारलं, "आता थे लपन कुठी?"

"लपायचं कशाला?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या जोडीचा ढग नव्हता. एकही पिल्लू नव्हतं. ठेकेदार टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता, मधे अडवायला काहीच नव्हतं. जिथून नजर जाईल तिथपर्यंत त्याचंच. मधला नर कल्ल्याजवळ सोललेला. कपाटाकडची मादी पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीला चिकटून, तिरकी. हा मासा तळाचा आहे, वर येत नाही. ती वर आली होती कारण खाली जागाच उरली नव्हती. तिचा रंग गेला होता. लालजांभळं पोट कागदासारखं. मी जाळीनं ठेकेदाराला हाकलत राहिले, आणि जितकं हाकललं तितकी तीच जास्त घाबरून काचेवर आपटली. संध्याकाळी काका जिना चढून आले तेव्हा ती तळाशी आडवी होती.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. त्यांनी पिशवी ठेवली, हात धुतले, तिला चमच्यानं उचलून कुंडीतल्या मातीत पुरलं, आणि मग बादली आणली.

"काय करताय, काका?"

"याले काढतो आधी." त्यांनी ठेकेदाराला पकडून बादलीत टाकलं, वर ताट झाकलं. "हा महिनाभर वेगळा राहीन. मंग बाकीच्याइची घरं लावू. घरं लावल्यावर याले परत टाकू. मंग थो नवा असते, आनं बाकीचे जुने." ते एकेक दगड जागेवर ठेवू लागले. "तुहं काय चुकलं सांगू? याची तीन घरं तुले खुपली, बरोबर हाये. मलेबी खुपते. पन तू याले नाई हात लावला. तू आडोसा काढला. आडोसा काही याचा नव्हता. थो तिचा होता."

मी म्हटलं, "पण तिनं का लपावं, काका? तिची काय चूक?"

"लपत नव्हती थे. तिथून थे निंघे. आपल्या मनानं निंघे, आपल्या मनानं वापस जाये." मूळ मधोमध रोवून ते दोन पावलं मागे सरकले. "पाह्य आता. इथून दारातून पाह्यलं तं काय दिसते?"

मी दारात जाऊन उभी राहिले आणि टाकीकडे बघितलं. काही दिसत नव्हतं, फक्त पानं आणि दगड. मी तसं सांगितलं. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना टाकीबद्दल विचारायचंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. दारात उभं राहून सगळ्यात आधी दिसत होती ती सुनीताची खुर्ची.

चार दिवसांनी तांड्यावरचा ऑटोवाला वर आला. नागपूरहून प्रश्नसंचांचं पार्सल आलं होतं, ते द्यायला. वाईट माणूस नव्हता, अजूनही नाही. सुनीता तेव्हा पाणी पीत होती, स्कार्फ हनुवटीखाली. तो दारातूनच म्हणाला, "अरे, सुनीता. तू इथं?" खरंच आनंदानं म्हणाला.

तिनं बाटलीचं झाकण लावलं. फार सावकाश.

दोन दिवसांनी तिचा मोठा भाऊ आला. त्याने आवाज चढवला नाही. टाकीसमोर उभा राहून त्याने काकांना विचारलं, "शिवनक्लास इथं भरते का?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. घरी ती शिवणक्लासला जाते असं सांगून यायची. वैशाखात तिचं लग्न ठरवायचं घाटत होतं. यादीत नाव लागलं की मग सांगू, तोपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, असा तिचा बेत. काकांना तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि कोणाला न सांगण्याचा शब्द घेतला होता. म्हणून मुलांनी कपाट ओढलं तेव्हा काका गप्प बसले. मुलांच्या माजातून तिला आडोसा मिळाला होता आणि तिनं तो वापरला होता, त्या फाटक्या शेपटीच्या मादीसारखा, हिशेबानं. भावाने तिची पुस्तकं पिशवीत भरली. कंपासचा डबा खाली पडला, तो तिनं स्वतः उचलला. परीक्षेला नऊ दिवस होते.

ते गेल्यावर मी काकांवर ओरडले. "मला सांगायचं ना. एका शब्दानं सांगायचं."

"तिची गोष्ट होती," काका म्हणाले. "माही नाई."

एक गोष्ट इथे बजावून सांगते. माणसं म्हणजे मासे नाहीत. यावरून मुलींनी आडोशालाच राहावं असा अर्थ कोणी काढणार असेल, तर त्याने हा लेख इथेच खाली ठेवावा. त्याच्यासाठी मी लिहीत नाही. कपाट तिथे लावणं हा अन्यायच होता. ज्यांनी लावलं ते चूकच होते, आणि ज्यांनी हसत हसत सह्या केल्या ते दुप्पट चूक होते. पण टाकीतून काकांनी आधी ठेकेदाराला बाहेर काढलं. आमच्या हॉलमधून कोण बाहेर गेलं? रुमाल टाकून जागा धरणारे सगळे तिथेच होते, आजही आहेत. गेली ती सुनीता. आणि ती गेली माझ्या कागदामुळे.

परीक्षेच्या चार दिवस आधी मी तांड्यावर गेले. हॉल तिकिटाची प्रत काकांनी काढून दिली होती, ती पर्समध्ये होती. भाऊ ओट्यावर बसून तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, भरायचं पोतं शिवत होता. सुनीताची आई, तिला ती याडी म्हणायची, चहा टाकायला आत गेली. मुलासमोर ती काय बोलणार. वाटेत मी एक मोठं भाषण तयार केलं होतं, कायद्यासकट. ते भाषण मी केलंही, थोडंसं. भाऊ म्हणाला, "ताई, तुमचं सगळं बरोबर हाय. पन इतके दिवस थे आमच्याशी खोटं बोलली, त्याचं काय?" त्यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. हॉल तिकीट मी खाटेवर ठेवलं. कोणी उचललं नाही.

निघताना सुनीता दारापर्यंत आली. स्कार्फ नव्हता, घरात कशाला असेल. तिचा पूर्ण चेहरा उजेडात मी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला. हनुवटीवर एक जुना व्रण होता. तिनं विचारलं, "मडकी परत ठेवली का?"

"ठेवली. काकांनी."

"तोंडं कोन्या बाजूनं?"

"वेगवेगळ्या. पहिल्यासारखी."

"आनं थे कपाटाकडची?"

मी खोटं बोलू शकले असते. "मेली," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिला माहीत असावं. कपाटाचं तिनं विचारलं नाही. मी पूर्ण रस्ताभर त्या प्रश्नाचं उत्तर जुळवत आले होते आणि तिनं विचारलंच नाही.

ती परीक्षेला बसली नाही. वैशाखात लग्न झालं, दारव्ह्याकडे दिली. उरलेल्या दोघी मुलींनीही त्या महिन्यात येणं सोडलं. मी काकांना एकदा म्हटलं होतं, कपाट परत आणू. ते म्हणाले, "कोनासाठी?" त्यानंतर तीन वर्षं आमच्यात हा विषय नाही.

काल मी पत्रकाचा कोरा कागद घेऊन अभ्यासिकेत गेले, तिथे बसून तरी सुचेल म्हणून. टाकी आहे. ठेकेदार म्हातारा होऊन गेला. आता त्याच्या नंतरच्या पिढ्या आहेत. तीन जोड्या, सात मडकी, चहाच्या रंगाचं पाणी. मधलीला पिल्लं झालेली. आणि दाराजवळच्या खुर्चीवर एक नवी मुलगी, महिनाभरापासून येते म्हणे. पत्रा तापलेला. तिच्या तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ. कोणी जिना चढलं की तिची मान पुस्तकातून न हलता फक्त डोळे दाराकडे जायचे आणि परत यायचे.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. तासभर बसले. जिना किती वेळा वाजतो ते मी काल पहिल्यांदा ऐकलं. मग तिला विचारलं, "तुला कुठे बसायला आवडेल?"

ती म्हणाली, "कुठीबी चालते." मी थांबून राहिले. थोड्या वेळाने तिनं टाकीपलीकडच्या कोपऱ्याकडे बघितलं. "तिथं दारातून दिसत नाई ना?"

"आत्ता दिसतं," मी म्हटलं.

कपाट अजून जिन्याखालीच होतं, कोळशाच्या धुळीनं काळं पडलेलं. तळाला गंज चढलेला. दारावर माझं पत्रक. वरचा कोपरा उंदरानं खाल्लेला, पण मजकूर सगळा वाचता येत होता. मी नखानं खरवडायला लागले. कणकेची खळ, हाताने दाबून बसवलेली. निघेना.

काका वरच्या पायरीवर उभे राहून बघत होते. "कायले खरवडून राह्यली, लीडरबाई?"

"हे घेऊन कसं ठेवायचं तिच्यासमोर?"

"तिच्यासमोर कायले? पाठ तिच्याकडं कर. हे इकडं राहू दे." त्यांनी हॉलकडे बोट दाखवलं. "वाचू दे ज्याइनं सह्या केल्या त्याइले."

मी त्या मुलांना बोलावलं नाही. एका बाजूला काका, एका बाजूला मी, पायरी पायरी थांबत आम्ही ते वर आणलं. टाकीला लागून, जुन्या खुणांवर उभं केलं. पत्रक हॉलकडे. पुढच्या रांगेतल्या चार रुमालांमागून मुलांनी माना वर केल्या. मी त्यांच्याकडे बघत उभी होते. पत्रकात मला काय लिहायचं आहे ते तेव्हा कळलं. ते जागा धरणाऱ्या रुमालांवर असेल आणि त्यात मुलींचं काय करायचं याबद्दल एकही ओळ नसेल.

ती मुलगी पिशवी उचलून पलीकडे गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पंपाची घरघर. मग कपाटामागून, डब्यात पिन पडल्याचा.